दादाची आराधना

तंजावूर

ती. दादा,

नमस्कार. मी मजेत आहे. कॉलेजातल्या नोकरीत रुळले, सांबारही आवडायला लागलंय. गळ्याच्या ऑपरेशनची जखम आता दुखत नाही ना? अजून पाटीवर लिहूनच बोलतोस का?

काल शेजारचे वेंकटराव मला तुमच्या जुन्या न्यू वेव्ह रॉक बँडच्या चाहत्यांच्या बैठकीला घेऊन गेले. सगळे इथलेच मराठी लोक, तरुणपणी तुमच्या कॅसेटी झिजवलेले. शेवटच्या कॅसेटमध्ये तू गिटार सोडून सिंथेसायझर घेतलास, त्यावरून दोघे हमरीतुमरीवर आले. मला हसू आवरेना. मी तुझी बहीण, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मग सगळे समोरासमोर दोन रांगांत बसले. मध्ये तुझा फोटो ठेवला, त्याला मोगऱ्याचा हार घातला. तिरुवैयारूला थोर गायकाची पुण्यतिथी अशीच एकत्र गाऊन करतात, तिला आराधना म्हणतात. तुमचा ड्रमवाला फिलिप गेला तेव्हा पेपरात चुकून तुझा फोटो छापला होता ना? तेव्हापासून हे लोक दरवर्षी तुझी आराधना करतात.

मीही त्यांच्यात गायले. वेंकटराव डोळे पुसत म्हणाले, "असा आवाज परत व्हायचा नाही, अम्मा."

तू आहेस, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, दादा. पण मग ही सगळी मंडळी गाडी करून तुझं गाणं ऐकायला मिरजेला आली असती.

वहिनीला यातलं काही कळू देऊ नकोस. निघताना सगळ्यांसारखं मीही तुझ्या फोटोला फूल वाहिलं.

तुझी धाकटी,
सुमेधा