काचेसारखं पाणी

३ जुलै
आज सभाघरात बोललो. आवाज चांगला लागला. विहिरी आटल्या म्हणून रडणाऱ्यांना म्हणालो, चारी बाजूंना पाणी असताना तहानेनं मरणारी जात जगात फक्त आपली. समुद्रापुढे हात टेकणं हा अडाणीपणा आहे, आणि अडाणीपणा हेच पाप. शेवटी जाहीर केलं की सरोवराचं खारं पाणी मी गोडं करून दाखवीन. जो शंका घेईल तो बेटाच्या प्रगतीचा शत्रू. कोणी शंका घेतली नाही. माझा मेहुणा बारानिको सर्वांत आधी उठून म्हणाला, दाजी, आमची तोंडं बंद झाली.

६ जुलै
तेलाचा रिकामा ड्रम. तळाला छिद्र, त्यावर माझा जुना शर्ट, मग करवंट्यांचा कोळसा, वाळू, प्रवाळाची खडी. जगातल्या थोर गोष्टी साध्याच असतात.
सरोवराचं गढूळ पाणी वर ओतलं. खाली काचेसारखं उतरलं. पेला उन्हात धरून बराच वेळ पाहिला. डोळे भरून आले.

७ जुलै
रोतिया, माझी मुलगी, तारावा बेटावरून मास्तरणीचं शिक्षण घेऊन आल्यापासून घरात फळा लावल्यासारखं बोलते. बाबा, चिखल पाण्यात नुसता तरंगत असतो, तो गाळता येतो, मीठ विरघळलेलं असतं, ते वाळूतून आरपार जातं, असं तिचं म्हणणं. तिच्या आईनं चुलीवर ताडीचा पाक आटवायला ठेवला होता. रोतियानं त्याचं झाकण उचलून मला खालचे थेंब दाखवले. वाफ थंड झाली की थेंब निव्वळ पाण्याचे, साखर मागे पातेल्यात, मिठाचंही तसंच, म्हणे.
मी म्हणालो, तो स्वयंपाक झाला, हे विज्ञान आहे.
ती म्हणाली, निदान चाखून तरी बघा.
नेत्यानं सर्वांत शेवटी प्यावं हे माझं तत्त्व. तोवर शहाळ्यावर राहीन.

१० जुलै
सभाघरात चाखण्याचा समारंभ. थोर दिवस. म्हाताऱ्या बिरिबोनं घोट घेतला, बराच वेळ तोंडातच ठेवला, मग गिळला आणि गोड आहे म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी. एक एक करून सगळे गोड म्हणाले. एका पोरानं तोंड वाकडं केलं तेव्हा आईनं त्याला चिमटा काढला. अशी शिस्त पाहिजे. बारानिको म्हणाला, दाजी, इतकं गोड की दुसरा घोट घ्यायची आमची लायकी नाही.

१२ जुलै
घरोघर एक बादली देऊ केली. एकानंही घेतली नाही. सगळ्यांचं एकच म्हणणं, काका, पोरीचं लग्न ऑक्टोबरात, तुमच्या बाबाईच्या खड्ड्यालाच लागेल ते. किती मोठं मन.
बरोबरच आहे त्यांचं. खड्ड्यातलं गोडं पाणी खाली गेलंय. माझ्या वडिलांनी लावलेले बाबाईचे, त्या थोराड अळूचे, कंद. नवऱ्याकडची माणसं अबाइयांग बेटाहून होड्या भरून येणार, आणि मुलीच्या बापाची किंमत ती ताटातल्या बाबाईवरून करणार. माझे कंद बेटावर सर्वांत मोठे. खत कोणतं घालतो ते बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.
आजपासून सकाळ-संध्याकाळ ड्रमचं पाणी खड्ड्यात.

२९ जुलै
पानांच्या कडा तपकिरी. नवं पाणी अंगी लागायला वेळ लागतो. बायको म्हणाली, अहो, थांबवा आता. भित्र्या माणसांनी एकही शोध लावलेला नाही. पाणी दुप्पट केलं.
बारानिको रोज येऊन कुंपणापाशी उभा राहतो. दाजी, हात आखडता घेऊ नका, म्हणतो. घरातल्यांपेक्षा बाहेरच्यांना कळतं.

२१ ऑगस्ट
पानं पडली. वाढ आता जमिनीखाली चालू असणार. सगळी ताकद कंदात.
रोतिया माझ्याशी बोलत नाही. लग्नाआधी मुली अशा होतातच.

३० सप्टेंबर
पाऊस झाला. आता पडून काय उपयोग. काम मी आधीच केलं होतं.

८ ऑक्टोबर
कंद उपटले. पहिल्यात बोट घुसलं. दुसऱ्यातही. भिजलेल्या पावासारखे. एकही धड निघाला नाही. वास घरापर्यंत आला.
यंदा भरती फार वर चढली होती. खालून खारं पाणी शिरलं असणार. हे सभाघरात नीट समजावून सांगावं लागेल.
रोतियानं खड्ड्यात उतरून चिमूटभर माती जिभेवर ठेवली. मग थुंकली. म्हणाली की आता इथं बरीच वर्षं काही येणार नाही. माझं लग्न आहे बाबा, हे तिनं कशाला सांगितलं कळलं नाही. मला माहीत आहे.

९ ऑक्टोबर
बारानिकोकडे गेलो. मागायच्या आधीच त्यानं कंद काढून ठेवले होते. केव्हापासून काढत होता कोण जाणे. म्हणाला, दाजी, भाची आहे माझी.

१४ ऑक्टोबर
लग्न पार पडलं. बाबाई आली तेव्हा देणाऱ्याचं नाव पुकारलं. बारानिकोचं. नवऱ्याचा बाप उठून त्याला भेटला, आणि तुम्हीच मुलीचे वडील का, असं त्याला विचारलं.
मी भाषणाला उभा राहणार होतो. त्याआधी बारानिको पेला घेऊन माझ्यासमोर आला. काचेसारखं पाणी. ड्रममधून त्यानं स्वतः गाळून आणलेलं. पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, दाजी, आम्ही सगळे प्यालो, शेवटी प्यायचे तुम्हीच राहिलात.
बिरिबो माझ्या तोंडाकडे बघत होता. रोतिया खाली चटईकडे.
पेला रिकामा केला.
गोड आहे, असं म्हणालो.
कोणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.
घरी येऊन दोन शहाळी प्यालो. तहान जात नाही.