माही नाई, एवढंच म्हणाचं

३ जून, मंगळ.

प्रणूचं नाव लागलं! चंद्रपूरच्या क्रीडा वसतिगृहात, धावण्यासाठी. सरांचा फोन आला तेव्हा मी चक्कीवर होतो, हात बेसनानं भरलेले. पोट्टी अंगणात नाचून राह्यली. छाया आधी रडली, मंग हसली, मंग शेजारी सांगाले पळाली. बायकोचं असंच असते. मी म्हणलो, "पाहू."

अकरा वर्षांच्या पोरीचं नशीब उघडलं आन् बाप म्हणते पाहू. काय पाहू? २३ ले पोचवाची आहे.

बाई, माही माय, ओट्यावरून सारं ऐकत होती.  तेच वाईट.

५ जून, गुरु.

बाईनं तोंड उघडलं. "पोट्टी कुठी जाऊन नाई राह्यली." बस्स. मी काही म्हणाच्या आत छाया म्हणाली, "जाईन." जेवण कोणाचंच धड झालं नाई.

दुपारी मीच छायाले समजावाले गेलो. वसतिगृहाचं जेवण कसं असते कोण जाणे. आजारी पडली तं? यंदा वाघ भर रस्त्यावर निंगते, भेटाले जाणं-येणं कसं कराचं? छाया तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हे तुमी बोलून राह्यले, का तुमची बाई?"

डोस्कं फिरलं. वावरात निघून गेलो. धानाचे पऱ्हे टाकाले अजून पाणी नाई, तिथी काही कामही नव्हतं. बांधीवर बसून राह्यलो. राग खरा होता, पण छायावर नव्हता.

८ जून, रवि.

लाईन नाई, चक्की बंद. लिहाले वेळ आहे.

आईले मी जन्मापासून बाई म्हणतो. आई म्हणाची सोयच नव्हती. माह्या आधी तिघं झाले आन् तिघंही सव्वा महिन्याच्या आत गेले. मी झालो तं पाचव्या दिवशी बाईनं मले उकिरड्यावर लोळवलं आन् शेजारच्या जनामायले विकलं, सूपभर कणीत. विकलेलं लेकरू आपलं नसते, मंग यम नेईन कोणाचं? म्हणून नाव उकंडा. शाळेत उकंडराव. राव कायचा, उकिरड्याचा!

गावात अजून दोन-चार उकंडे आहेत. त्यांच्या माया हे सारं कधीच्या विसरल्या. आमची बाई नाई विसरली. कोणी म्हणलं पोरगा मोठा झाला वो, तं हिचं ठरलेलं, "माहा नाई, जनीचा हाय. पडून राह्यते आमच्या घरी." पाव्हण्यांसमोर, मास्तरासमोर, माह्यासमोर.

हे खोटं आहे हे मले कोणी सांगतलंच नाई. पाच-सहा वर्षांचा असन. एक दिवस चटई आन् ताटली घेऊन जनामायच्या दारात गेलो. म्हणलो, आलो मी घरी. तिनं जेवू घातलं, हात धरून परत आणलं. बाई रडून रडून सुजली होती. मले असं आवळलं का श्वास घेता येईना. आन् मले तसंच आवळून जनामायले म्हणते, "सापडला का तुहा पोरगा?"

आता हसू येते. तेव्हा नाई आलं. दोन घरं होती आन् दोन्हीकून परत पाठवत होते.

११ जून, बुध.

कालपासून बाई जेवून नाई राह्यली, नुसता चहा. जुनं हत्यार.

सातवीत पोट्ट्यांसंग मंडईच्या जत्रेतल्या नाटकाले न सांगता गेलो होतो. मारलं नाई तिनं. जेवण सोडलं. बोडीत पोहाले जाणं नाई, झाडावर चढणं नाई, सारं गाव मोहफुलं वेचाले जाय तं मी ओट्यावर. आयटीआय झालं, गडचांदूरले सिमेंट कंपनीत लागलो होतो, बॅग भरून तयार. तेव्हाही हेच. शेवटी बाबांनी, तेव्हा होते ते, चक्की घेऊन दिली. ओट्यावरून दिसन अशा जागी. तेव्हापासून तिच्या नजरेसमोर दळून राह्यलो. चक्कीचा पट्टा आणाले मूल गावाले गेलो तरी फोनावर फोन.

मुठीत धरून ठेवलं आन् माहा नाई म्हणत राह्यली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सांगाचं कोणाले? माय लय जीव लावते म्हणून तक्रार करू? लोक हासतीन.

१४ जून, शनि.

सकाळी प्रणूसंग नहराच्या पाळीवर गेलो. ती पळाली. काय पळते बाप्पा! जरा लांब गेली तं माह्या तोंडून निंगालं, "अवं थांब! पडशीन!" बाईचाच आवाज. सूर बी तोच.

प्रणू थांबली. परत आली. "काऊन बाबा, काय झालं?"

काहीच झालं नव्हतं. म्हणलो, "काही नाई. जा, पळ."

घरी येऊन छायाले सांगतलं, पाठवू. म्हणाली, "लिहून देता का?" बाईलेही सांगतलं, "पोट्टी जाईन. मी स्वतः सोडून येतो." चाळिशी उलटली तरी सांगाआधी मनात तीनदा घोकलं. लाज वाटली. बाईनं माह्याकडे पाह्यलंही नाई.

१७ जून, मंगळ.

बाई जेवली. वरण-भात मागून घेतला. छाया खूश, प्रणू खूश. मले धाक पडला. बाई फुकट जेवत नाई.

संध्याकाळी अट आली. "पोट्टीले विकाचं. जनीच्या पदरात टाकाचं, सूपभर कणी घ्याची. आन् बापानं चारचौघात म्हणाचं, माही नाई. मंग जाऊ दे तिले कुठीही."

छाया म्हणाली, "हात्तिच्या! एवढंच?" प्रणू तं टाळ्याच वाजवाले लागली. "म्हणा ना बाबा. मले मालूम हाय, ते खोटं खोटं असते. आजीनं सांगतलं मले."

तिले सांगतलं. मले नाई.

उठून चक्कीवर गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. उगाच झाडत बसलो.

१९ जून, गुरु.

छाया म्हणते दोन शब्द तं आहेत, तुमचं काय जाते? मंग थोडं थांबून, "पाठवाचं नाई म्हणून बहाणा तं नाई ना?"

मलेही समजून नाई राह्यलं. बहाणा असू शकते. माहा भरोसा नाई.

चक्कीमागं एकटा उभा राहून म्हणून पाह्यलं. "माही..." पुढचा शब्द निंगत नाई. हे शब्द न म्हणलं तं पोट्टी इथीच राह्यते, ओट्यावरून दिसन अशा जागी. म्हणलं तं मी तेच केलं जे माह्यासंग झालं. इकडे आड, तिकडे विहीर.

जनामाय काठी टेकत आली. कान गेले, जीभ शाबूत आहे. "काऊन रे माह्या विकतच्या माला, नात बी मलेच का? या वयात किती खटलं सांभाळू?" मी हासलो. इचारलं, "माय, तुले कधी वाटलं का, का मी खरंच तुहा?" मोठ्यानं इचारा लागलं, अर्ध्या गल्लीनं ऐकलं असन. जनामाय म्हणाली, "लय वाटे. पण तुह्या बाईनं वाटू देलं तं!"

२२ जून, रवि.

आज बोललोच. बाई अंगणात होती. म्हणलो, "बाई, उद्या मी म्हणतो. पण आधी तू म्हण. एकदा. उकंडा माहा हाय."

पांढरी पडली. "याड लागलं का तुले?"

"केस पिकले माहे. आता कोणता यम येऊन राह्यला?"

"तुले काय मालूम? तिघाइले म्हणलं होतं मी. माहा राजा, माहा राजा म्हणून साऱ्या गावाले दाखवत फिरली होती." मंग हळू आवाजात, "म्हणूनच तं."

 मी चक्कीवर आलो. थोड्या वेळानं बाई मागं आली. इतक्या वर्षांत चक्कीच्या आत पाय टाकला नव्हता तिनं, पीठ उडते म्हणून. म्हणाली, "चालू कर."

"दाणा नाई टाकला. रिकामी चालवली तं दगडी पाट खराब होते."

"कर म्हणते ना."

केली. टिनाचं छप्पर थडथडाले लागलं. बाईनं एकदा दाराकडे पाह्यलं, मंग माह्याकडे. ओठ हलले. दोन-तीन शब्द असतीन. आवाजात मले काहीच ऐकू आलं नाई. बटन बंद करेपर्यंत बाई दाराबाहेर.

"काय म्हणली?"

"म्हणलं जे म्हणाचं ते. आता तुही पाळी."

मी आतच उभा राह्यलो. आवाज बंद झाला तरी कानात घुमत होता. मले ऐकू आलं असतं तं काय बिघडलं असतं?

२३ जून, सोम.

बस साडेनवाची. शर्ट घालतो म्हणून आत आलो आन् वही घेऊन बसलो. बाहेर सारे तयार. जनामाय सूप मांडीवर घेऊन बसली, कणी पाखडून आणली म्हणे, माल चांगला पाहिजे. शेजारपाजारचे गोळा झाले. छाया हाका मारून राह्यली. बाई ओट्यावर.

सकाळपासून डोक्यात एकच. बाईनं काल खरंच म्हणलं असन, आन् यमानं ऐकलं असन तं? बस चंद्रपूरची आहे, मीही आहे तिच्यात, पोट्टीही आहे. मी, आयटीआय पास माणूस, बाईसारखाच हा विचार करून राह्यलो. कोणाचा मी, हे आता इचाराले नको.

शर्टाची गुंडी लागून नाई राह्यली.

प्रणू दारात आली आहे. बूट घालून, वेण्या करून. "बाबा, लवकर म्हणा ना. म्हणताना मी तुमच्याकडेच पाहीन, लोकाइकडे नाई पाहात."

येतो म्हणलो.