लाल आला तर परत चालव

९ जून, सोम.
मोहनच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. हरणीकडच्या शेडमध्ये आमच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या, पत्रा दाबणाऱ्या दोन प्रेस आहेत. पहिलीने आज पत्र्यासोबत बोटेही चिरडली. मशीनपुढे प्रकाशकिरणांचा पडदा असतो. हात आत गेला, किरण तुटला की जबडा तत्क्षणी थांबायला हवा. थांबला नाही.

दुपारी मोहनचा भाऊ भरत आमच्या फतेगंजच्या कचेरीत शिरला, हातात पाना. माझा मॉनिटर फोडला. आमचे मालक जिग्नेशभाई उठू लागले, तर दुसरा वार त्यांच्या कपाळावर. कीबोर्डवर रक्त. "कोणी पास केलं होतं हे मशीन? तोंड दाखवा त्याचं!" हा प्रोग्रॅम लिहिणारी हेतल माझ्या पाठीमागे दडली होती. 

१० जून, मंगळ.
जि.भाईंच्या कपाळाला टाके. म्हणाले, "वसुधाबेन, मोहने जाते ज पडदो बंद कर्यो हशे." मोहनने स्वतःच पडदा बंद केला असणे शक्य आहे. पण शक्यतेने काही सिद्ध होत नाही. म्हणून प्रोग्रॅम पास करणारी चाचणीच उघडली.

तिच्यात तीन थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधली तीन स्वतंत्र कामे, एकाच वेळी धावतात. एक प्रेसचे सोंग घेतो, दुसरा 'हात आत' हा इशारा फेकतो, तिसरा ठरावीक वेळ झोपून उठतो आणि जबडा थांबला का ते पाहतो. सारा घोळ त्या झोपेत! कचेरीतल्या कॉम्प्युटरवर इतर कामांची गर्दी असली की प्रेसच्या थ्रेडला पाळीच मिळत नाही आणि धडधाकट प्रोग्रॅमही मेलेला दिसतो, निकाल लाल, म्हणजे नापास. यावर या कचेरीने एक रीत पाडली आहे: लाल आला तर परत चालव. तीनदा चालवून एकदा हिरवा, म्हणजे पास.

हे. (हेतल) म्हणाली, "मॅडम, बपोरे तो कायम लाल ज आवे. कोण जुए?"
दुपारी लाल नेहमीचाच, मग पाहतो कोण! मला इथे येऊन महिनाच झाला. रीत आज कळली. इतक्या खोट्या लालांत एखादा खरा असेल, तर तो कुणाला ओळखू आला असता?

११ जून, बुध.
मोहनचे पाचवे बोटही कापावे लागले. जखमेचे विष चढत होते.

हे.ला दिवसभर शिकवले. फळ्यावर खडू मोडेपर्यंत. झोपायचे नाही, वाट पाहायची. दोन्हींत फार अंतर आहे. समजा, पाहुणे येणार आहेत. गजर लावून झोपणे ही एक तऱ्हा; बेल वाजली की दार उघडून पाहणे ही दुसरी. दारात दूधवाला असला तर पुन्हा वाट पाहायची. परंतु "आता इथून पुढे आणखी तासभर" असे म्हणायचे नाही! मुदतीचा शेवट आधीच ठरवायचा. मध्ये कितीही वेळा बेल वाजो, तो हलत नाही. मुदत ऐसपैस ठेवायची, कारण ती फक्त निष्फळ वाट संपवण्यासाठी असते. आणि कॉम्प्युटरच्या रोजच्या घड्याळावर भरवसा नाही. नेटवर्क ते मागेपुढे करते. कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून केवळ पुढेच मोजणारे घड्याळ घ्यायचे. जिथे जबड्याची अचूक वेळ तपासायची, तिथे तर खोटे घड्याळ, आपल्याच हातातले: चाचणी सांगेल तेव्हाच ते पुढे सरकेल.

हे.चे डोळे लकाकले. "आटलुं सहेलुं?" सोपे आहेच. केले नव्हते, इतकेच.

१२ जून, गुरु.
दुपारी मुद्दाम कॉम्प्युटरवर कामांचा डोंगर लादला. सगळ्या चाचण्या हिरव्या, पुन्हा पुन्हा हिरव्या. आनंदाने टेबलावर थाप मारली.

एक सोडून. तीही पुन्हा पुन्हा तशीच: लाल, लाल, लाल.

ब्रेक लागल्याची पोच मुदतीत आली नाही तर प्रोग्रॅमने मोटरची वीज तोडावी, असा बंदोबस्त आहे. पण मध्येच तेलाच्या दाबाचा इशारा आला की प्रोग्रॅम जागा होतो, हा आपल्यासाठी नाही असे पाहतो, आणि मुदत पहिल्यापासून मोजू लागतो. पुन्हा इशारा, पुन्हा पहिल्यापासून. वीज तुटतच नाही, आणि जबडा खाली येत राहतो. ब्रेक सुस्तावला आणि इशारे लागोपाठ आले, तरच. एरवी सारे सुरळीत.

हे.ने स्वतःच लिहिलेल्या त्या ओळी वाचल्या आणि काचेच्या पार्टिशनवर मूठ हाणली. काच फुटली, मनगट चिरले. "में ज लख्युं छे, मॅडम. में ज." माझ्या ओढणीने बांधले. रक्त थांबेना.

१३ जून, शुक्र.
जि.भाईंना सांगितले: दुसऱ्या प्रेसवरही हाच प्रोग्रॅम आहे आणि तिच्यावर भरत काम करतो. आत्ता, या क्षणी.
त्यांनी स्टीलचा जग भिंतीवर भिरकावला. "फोन कर्यो एटले गुनो कबूल कर्यो! सोमवारे नवुं वर्झन मोकलीशुं."
सोमवारी नवे वर्झन पाठवायचे, तोवर शेडला फोन नको. मी तरीही केला. शेडवाल्यांनी माझे नाव ऐकताच फोन ठेवला.
हे.ची दुरुस्ती: मुदत आता बरोबर मोजली जाते, पण वीज तोडणारा थ्रेडच अडकून पडतो. लाल.

१४ जून, शनि.
खंडेराव मार्केटातून मनगटाएवढा दुधी घेतला, त्यावर हातमोजा चढवला, शेडवर गेले. भरतने मला पाहताच कॉलर धरून पत्र्याच्या थप्पीवर आदळले. पाठीत कळ. "आता काय माझे हात मोजायला आलात, ताई?"
म्हटले, आधी पाहा, मग मारा.

दुधी जबड्याखाली सरकवला. प्रेस थांबली. पुन्हा. थांबली. तिसऱ्यांदाही.
भरत हसला, सगळी शेड हसली. "बराबर तर चालते! मोहननेच काहीतरी केलं असणार. तुमचे शेठ फोनवर म्हणाले तेच खरं." आणि मोकळा हात आत घालून दाखवला. थांबली.

मी इशाऱ्यांचे समजावू लागले. "दोन्ही गोष्टी एकदम घडायला हव्यात, ब्रेक सुस्त आणि इशारे लागोपाठ..." कुणी ऐकेना. भोंगा वाजला, भरत पत्रा लावू लागला. तेव्हा मी पॅनेलकडे धावले, मेन स्विच पाडला, फ्यूज ओढून काढला. त्याने पाठीमागून केस धरले. ओरबाडे मानेवर आहेत. रिक्षापर्यंत शिव्या.

जि.भाईंचा फोन, फ्यूज परत मागायला: "फ्यूज पाछो आपो, नहीं तो पोलीस."
हे.चा फोन: अजून लाल. दुखऱ्या हाताने टाइप करते आहे.
फ्यूज माझ्या टेबलावर आहे. तसला दुसरा कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, आणि दुकाने अजून उघडी आहेत.