दोघींनी जायचं

तीर्थरूप आये,
पिंकीचा पायाला हात लावून नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि बाबांसकट सगळी आळी ऐकते. म्हणून पत्र. ओट्यावर बसून वाचू नकोस.

मी बरी हाय. वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा हाय? वाल निघाले का?

आये, मिठागरावर मुकादमाच्या खोपीत मजुरी आणायला तुमच्यातली एकटी कुणी जायची नाय. दोघी जायच्या. का, ते कुणी बोलायचं नाय.

इथं माझा प्रकल्प बघणाऱ्या सरांनी केबिनमध्ये माझा हात धरला, सोडेचनात. पुढच्या वेळी मी मैत्रिणीला, दीपिकाला, सोबत नेलं. सर चिडले. "ही कशाला?" म्हणाले आणि तिच्यादेखत माझ्या कमरेला हात लावला.

तुम्ही बाया दोघींनी जायचं, एवढ्यावरच थांबलात. आम्ही नाय थांबलो. विद्यापीठाच्या तक्रार समितीकडे अर्ज दिलाय. सर सध्या वर्गावर येत नाहीत. काही पोरं मात्र मला बघून हसतात.

तू म्हणशील, घरी ये. नाय येणार. मी काय केलंय?

अठरा तारखेला समिती मला बोलावून काय घडलं ते विचारणार. दीपिका साक्षीदार, म्हणून तिला माझ्याबरोबर बसता येत नाय. घरचं एक माणूस चालतं, मी विचारून घेतलंय. रामवाडीहून सकाळची एसटी धर, मी स्टँडवर उभी असेन. बाबांना काय सांगायचं ते तू ठरव.

आये, मला आत जायचंय. दुसरी तू हो.

तुझी,
पिंकी