रत्नागिरीकडे कूस

आबा,

रेडिओ अजून चालतो. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलं असतंत. माझ्या तब्येतीची चौकशी त्याच्या मागून, तीही जमलं तर, चहा संपता संपता. त्याचं कातडी कव्हर फाटलं म्हणून मी जुन्या लुगड्याच्या काठाचं शिवलंय. आवाजाचं बटण फिरवताना कुरकुरतं, पण काटा सरळ चालतो. इंदापूरच्या या घरात तो फ्रिजवर असतो. सून फ्रिज पुसताना त्याच्याकडे बघते, मग माझ्याकडे बघते आणि मुकाट्यानं पुसून परत तिथंच ठेवते. शहाणी आहे पोरगी. आता त्यावर ऐकण्यासारखं फारसं उरलेलं नाही. तुम्ही नुसत्या आवाजावरून ओळखायचात त्यातली कितीतरी केंद्रं गप्प झालीत, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानांचे दिवे लागले की जी उरलीत तीही खरखरीत बुडतात. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली आणि माझं तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलं. समोर होतात तेव्हा भांडून उपयोग नव्हता. तुम्ही उत्तरच द्यायचा नाहीत, खोरं उचलून बांधावर चालू लागायचात. कागदाला सोडून कुठं जाणार?

पिंपळीच्या आपल्या रानात लाईट रात्रीच यायची. कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून तुम्ही जेवण झालं की मोटारीच्या खोलीपाशी बाजेवर जाऊन बसायचात. लाईट आली की उसाला पाणी सोडायचं, सरीसरीतून दारं धरायची, आणि ती गेली की पुन्हा बाजेवर. आजूबाजूच्या रानांतली माणसं लाईट गेली की शिव्या द्यायची. तुम्हीही द्यायचात, रीतच होती ती, पण शिवी पुरी व्हायच्या आत तुमचा हात रेडिओकडे गेलेला असायचा. कारण मोटारी चालू असेपर्यंत त्याच्यावर नुसती घरघर, आणि सगळ्या रानातल्या मोटारी एकदम थांबल्या की लांबची केंद्रं यायला लागायची. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार तुम्ही खोलीच्या पत्र्यापासून लिंबाच्या झाडापर्यंत ताणली होती, आणि तिचं एक टोक रेडिओला गुंडाळायचात. मी डबा घेऊन यायची आणि परत जायचं नाव काढायची नाही. मग अरबी बोलणारा तो जाडा आवाज, ज्याला आपण घसा बसलेला पाहुणा म्हणायचो. मग ती बाई, कुठल्या देशाची देव जाणे, तिच्यावरून तर आपली भांडणं. तुम्ही म्हणायचात ती रडतीय, मी म्हणायची बाजारभाव सांगतीय. जे केंद्र आधी कुणाला लागलेलं नाही ते ज्याला लागेल त्याला दुसऱ्या दिवशी सकाळच्या धारांना सुट्टी, असा आपला करार होता, आणि तुम्ही त्यात सरळ लबाडी करायचात. आई म्हणायची, "माझ्या घरात दोन मानसं कमी आन एक डबडं जास्त."

ऐकायचं कसं ते तुम्हीच शिकवलंत. मी पहिल्यांदा रेडिओ बोटासारखा धरला. जिकडचं ऐकायचं तिकडं त्याचं टोक केलं, आणि आवाज पार नाहीसा झाला. तुम्ही हसलात. "कूस केलीस व्हय त्याची? कुशीवर झोपलेलं बहिरं असतंय. तोंड कर, न्हायतर पाठ कर. पाठ केली तरी त्याला ऐकू येतंय." मग तो दोन्ही हातांत धरून हळूहळू फिरवत राहिलात, मान तिरकी करून, आणि मला आत्ता तुमची ती मान दिसतेय. अंधारात चुकलेल्या मेंढीचा आवाज असाच धरायचा असतो, म्हणालात. आधी जिकडनं येत नाही ती दिशा शोधायची, मग राहिलेली आपोआप कळते.

तुम्ही मुळातले मेंढरांमागचे. दिवाळी झाली की कळप घेऊन नीरा ओलांडायची, घाट उतरायचा, कोकणातल्या भातशेतात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर परत. पाटाचं पाणी आलं, ऊस लागला, आणि उसाला कुणीतरी जाग्यावर लागतं. तुम्ही थोरले, म्हणून तुम्ही राहिलात, आणि मेंढरं घेऊन तुमचा धाकटा भाऊ, तात्या, जायला लागला. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि तुम्हीही कुणाला काही बोलला नाहीत. पण रोज अरबी झालं, ती बाई झाली की शेवटी तुम्ही रेडिओ फिरवून नीरेपल्याडच्या कोपऱ्याकडे तोंड करायचात आणि काटा अगदी केसाएवढा सरकवायचात. रत्नागिरी. कधी स्वच्छ, कधी दुसऱ्या कुठल्या केंद्राच्या खाली दबून, येत जात. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असं तो निवेदक सांगायचा आणि उसाच्या बांधावर, समुद्रापासून एवढ्या लांब बसलेले तुम्ही मान डोलावून म्हणायचात, "बराबर हाय." मला हसू यायचं. नंतर कळलं, तुम्ही वाऱ्यापावसाचा अंदाज घ्यायचात. कोकणात अवकाळी आला तर तात्याचा कळप कुठं अडकला असेल ते बसल्या जागी मनात चालून बघायचात. त्या वाटेवरच्या एका शेतकऱ्याबद्दल कितीदा सांगितलंत, जो दिवाळीपासून बांधावर येऊन तुमच्या कळपाची वाट बघायचा. तुम्ही वाट म्हणायचात तेव्हा तुमचा आवाज मोठा व्हायचा, आणि ऊस म्हणायचात तेव्हा साधा.

म्हणून मला वाटलं होतं, दुसरं कुणी नाही तरी तुम्ही हो म्हणाल. बारावी झाली होती. बारामतीच्या कॉलेजातल्या बाईंनी खटपट केली आणि नर्सिंगच्या शिक्षणाला माझं नाव लागलं, तेही नेमकं रत्नागिरीला. मी पळतच रानात आले. भर दुपार, तुम्ही फुटलेला बांध लिंपताय.

"आबा, माझं नाव लागलं. रत्नागिरीला."

तुम्ही वर बघितलंत, आणि एक क्षण तुमचं तोंड उजळलं, ते मी पाहिलंय, ते तुम्हाला नाकारता येणार नाही. मग म्हणालात, "तितं पाऊस लई."

"तुमी जात व्हता की."

"म्हनूनच सांगतोय. त्या वाटंनं जाऊन आलेलं मानूस हितं पुन्हा रमत न्हाय."

"न्हाय रमलं तर न्हाय. मी तितंच ऱ्हाईन."

"त्येच तर." एवढंच म्हणालात आणि खाली बघून चिखल थापायला लागलात. तात्या तेव्हा कळप घेऊन नुकताच परतला होता, त्याला मी मध्ये घातलं. तो ओट्यावर बसून म्हणाला, "जाऊ द्या की पोरीला. दिवाळीनंतर मी हायच तिकडं. आठवड्याला बघून येत जाईन." तुम्ही पान लावत होतात. पान लावून झालं, तोंडात गेलं, चावून झालं, आणि मग म्हणालात, "न्हाय म्हनलो म्हंजी न्हाय." आई आत चुलीपाशी भाकरी थापत राहिली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला रेडिओ दिलात. "आजपासनं ह्यो तुझा. घरी बसून समदं ऐक. रत्नागिरीबी ऐक." दाराला बाहेरून कडी घालायची आणि आतल्या माणसाला खिडकी पुसून द्यायची, तसं. मी तो घेतला, कारण तुमच्या हातचं नाकारायचं धाडस नव्हतं, पण त्यानंतर बाजेवर येऊन बसले नाही. डबा ठेवून परत फिरायची. पुढच्या लगीनसराईत माझं लग्न झालं. रुखवतात लाडू, करंज्या, शेवयांचं केलेलं घर, आणि त्यांच्यामध्ये कुणीतरी हौसेनं तो रेडिओ मांडला. वऱ्हाडातल्या बायका हसल्या. नवरीनं स्वतः केलेल्या वस्तू मांडायच्या असतात, ही काय रेडिओ करते का, म्हणाल्या. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पाहुण्यांना पाणी विचारत फिरत होतात.

इंदापुरात आमचं घर हायवेच्या मागं, पुढच्या अंगाला ह्यांचं वेल्डिंगचं दुकान. ट्रकवाले रात्रीबेरात्री यायचे आणि मशीन सुरू झालं की रेडिओत कढईत मोहरी टाकल्यासारखं तडतडायचं. मी तोंड करून बघितलं, पाठ करून बघितलं. गच्चीवर नेला, न्हाणीघराच्या मागं नेला. हे मजेनं म्हणायचे, "आजारी मानसाला कूस बदलून देतीस काय?" माणूस वाईट नाही, आबा, तुम्ही पारखूनच दिलात. पण सकाळी उठल्यापासून सासूच्या हाकेच्या टप्प्यात राहायचं, बाजारात जायचं तरी कुणाला तरी बरोबर घेऊन, आणि माहेर एसटीनं इतकं जवळ की रडायलाही कारण नाही. लांब दिलं असतं तर निदान लांब आहे असं म्हणता आलं असतं. तुम्ही एकदा दुपारचे आलात. सासूनं चहा दिला, तुम्ही बशीत ओतलात, आणि आत माणसं नाहीत असं बघून विचारलंत, "काय लागतंय का गं हितं?"

"खरखर लागतीय."

तुम्ही पिशवीतून तांब्याच्या तारेचं वेटोळं काढलंत. लिंबावरची तीच तार. चप्पल काढून स्वतः शिडीवर चढलात, परसातल्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणून दिलीत, आणि आपण दोघं रेडिओ मध्ये ठेवून वाकून बसलो, अगदी पूर्वीसारखे. पुढं मशीन चालू होतं. काही लागलं नाही. "रातच्याला लागंल," म्हणालात, जसं काही ट्रकवाल्यांना रात्री झोप येते. तुम्ही गेल्यावर सासूनं तारेवर ओली धोतरं टाकली, आणि धुण्यावर हिरवट डाग पडले म्हणून मलाच बोलली. तेव्हा मला एक गोष्ट सुचायला हवी होती, ती सुचली नाही. ती तार तुम्ही काढून आणलीत, तर तिकडं तुमच्या बाजेवर आता काय आहे?

ते तात्यानं सांगितलं. तुम्ही गेलात हिवाळ्यात, झोपेतच, आणि तात्या तेव्हा मेंढरांबरोबर खाली कोकणात. त्याला तुमचं तोंडही बघायला मिळालं नाही. पावसाच्या आधी परत आला तो थेट माझ्याकडे इंदापुरात, खांद्यावर घोंगडं, आणि आमच्या ओट्यावर लहान पोरासारखा रडला. मग म्हणाला, माझ्या लग्नानंतर तुम्ही दुसरा रेडिओ घेतलाच नाही. लाईटची वाट बघत नुसतेच बसायचात. तात्यानं कितीदा म्हटलं, मी आणून देतो. तुम्ही म्हणालात, "पोरीला नको म्हनलो ते मी कसं ऐकू?"

आबा, हे ऐकून मला भरून यावं अशी तात्याची अपेक्षा होती. आलंही भरून. इतकं की ह्यांनी दुकानातलं मशीन बंद केलं आणि बाहेर येऊन उभे राहिले. पण रडून झाल्यावर जो राग आला तो अजून उतरलेला नाही. हा कुठला न्याय? मला कोंडलंत आणि मग माझ्यासाठी म्हणून स्वतःलाही कोंडून घेतलंत, म्हणजे हिशेब मिटला? मला तुमची शिक्षा नको होती, मला जायचं होतं. आपण दोघंही अडकलो तर त्यात कुणाचं भलं झालं? एकाला तरी मोकळं सोडायचं होतंत. मी तिकडं असते आणि तुम्ही बाजेवर बसून रत्नागिरी लावली असती, तर मच्छीमारांचा इशारा ऐकताना तुम्हाला तात्याबरोबर माझीही काळजी वाटली असती, आणि ती काळजी किती चांगली असती! कळपाची करायचात तशी, मनातल्या मनात माझ्यापर्यंत चालत येऊन. मला माहीत आहे, मी गेले की तुमच्याजवळ बसायला कुणी उरत नव्हतं. तसं म्हणाला असतात तर कदाचित मी आपणहून राहिले असते. पावसाचं कारण कशाला सांगितलंत?

हे भांडण झालं. आता एक सांगायचं राहिलं आणि ते कुणाला बोललेले नाही, म्हणून हा कागदही मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायची तर सोयच नाही.

सासू गेली, हे आता दुकानात बसत नाहीत, मुलानं गाडी घेतली. मला अडवणारं कुणी नाही. गेल्या दिवाळीत मुलगा म्हणाला, "आई, चल, तुला कोकण दाखवतो, रत्नागिरीलाच जाऊ." सून तर कपडे भरायला लागली होती. मी म्हणाले, माझे गुडघे दुखतात, तुम्ही जाऊन या. हे, मुलगा आणि सून, ती तिघं गेली. मी फ्रिजवरचा रेडिओ काढून गच्चीवर नेला, काटा त्या जागी आणला आणि रेडिओ असा ठेवला की त्याची कूस बरोबर रत्नागिरीकडे राहील. काही ऐकू आलं नाही. मी बराच वेळ तशीच बसले. तिकडं जाऊन आल्यावर इथं रमले नाही तर काय करायचं, आता या वयात?

गुडघे चांगले आहेत, आबा. काही दुखत नाही.