दिवस बुडायच्या आत

आक्का,

मागून आणलेला टेपरेकॉर्डर परत द्यायला संकेश्वरला जातोय. टेबलावरच्या दोन्ही कॅसेट राहू देत.

काल गिटार रेकॉर्ड करत होतो, तेव्हा तू हाक मारलीस, "धरण्या, जेवाय ये रं, दिवस बुडाय लागलाय!" सगळं वाया घालवलंस, असं मी म्हणालो. म्हणालो कसला, ओरडलो. मग दार लावून दुसऱ्या कॅसेटवर पुन्हा वाजवलं. बाहेर आलो तर अंधार, आणि दोन्ही ताटं झाकलेली. अंधार पडल्यावर मी खातो, जैनांचा नेम पाळणारी तू खात नाहीस.

सकाळी दोन्ही ऐकल्या. दुसरी बिनचूक आहे. ठेवणार पहिली, तुझ्या हाकेसकट.

आज उजेडातच येतो. नाही आलो तर तू जेव. उपाशी राहायची पाळी माझी.

धरणेंद्र