आग्नेसचं बोलावणं

प्रिय पप्पूदादा,

हे पत्र अफसाना बांगडीवालीच्या हाती देतेय. माझा फोन आता सासूबाईंच्या कमरेला असतो. वाचून झालं की चुलीत घाल, आणि एकदा तरी माझं शेवटपर्यंत ऐक. अर्ध्यातच उठायची तुझी खोड मला माहीत आहे.

तुझा माणूस आसाराम जिवंत आहे, एवढंच चांगलं. परवा गोदावरीच्या घाटावरून त्याला उचलून आमच्या अंगणात आणला. आमचा वाळूचा टिप्पर कोणी पेटवला, असं विचारत तुझ्या दाजींनी ट्रकच्या लोखंडी टॉमीने त्याचे गुडघे फोडले. हाड फुटल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. सासूबाई म्हणाल्या, "च्या टाक गं, पोरं दमली असतीन." मी टाकला. शेवटी त्याने तुझं नाव घेतलं. त्याला बोल लावू नकोस. त्याच्या जागी तू असतास तर पहिल्या घावालाच त्याचं नाव घेतलं असतंस. मग मामंजी, म्हणजे तुझे ते विठ्ठलराव, पान लावत म्हणाले, "आता पाव्हण्यालाच हितं आणायचं." रक्त मी धुतलं. फरशीच्या फटीतलं अजून निघत नाही.

दोन घरांचं वैर मिटावं म्हणून मला इथे दिली, तेव्हा तू म्हणालास, राणीसारखी राहशील. राणी कशी राहते, ते मला ठाऊक होतं रे. अंबाजोगाईला शिकताना मी जर्मनीतल्या एका सरदारघराण्यातल्या आग्नेसवर प्रबंध लिहीत होते, आठवतं? तू तिला माझी गोरी मैत्रीण म्हणायचास. बाई चारशे वर्षांपूर्वीची, पण सोयरीक अगदी आपल्यासारखी. नदीवरच्या जकातीसाठी दोन गढ्या भांडत होत्या, म्हणून बापाने तिला शत्रूच्या गढीत दिली. तिला मुलगा झाला. बारशाला तिने स्वतःच्या हाताने भावाला बोलावणं लिहिलं. बहिणीच्या घरी तलवार कशाला, म्हणून तो रिकाम्या हाताने आला. भरल्या ताटावर त्याचा गळा चिरला. रक्त पाळण्यावर उडालं. माहेरचे तिला मरेपर्यंत भावाच्या मुळावर उठलेली म्हणत राहिले, पुस्तकांतही तेच. बोलावणं लिहिताना तिच्या पाठीमागे कोण उभं होतं, हे कोणी विचारलंच नाही. याचा मला फार राग येतो, दादा.

काल फोनवर मी हसत म्हणाले ना, पंचमीला मला न्यायला ये, पुरणाची दिंडं करते, गाड्या-माणसं नकोत, एकटाच ये? तेव्हा तुझ्या दाजींनी माझी वेणी मनगटाला गुंडाळून धरली होती आणि सासूबाई कानाशी एकेक शब्द सांगत होत्या. येऊ नकोस. माणसं जमवूनही नको, त्यांना तेच हवंय. मी पुन्हा बोलावलं, रडून बोलावलं, तरी नको. तू आला नाहीस की हे माझ्यावर उलटतील, हे मला कळतं, आणि मला भीती वाटते. तरीही सांगते, मी मेल्याचा फोन आला, तर मातीलाही येऊ नकोस.

तुझीच,
तेजू